शाफ्टची सुरी

सकाळपासून भरलेली अकरा खोकी प्रेमराजनं पुन्हा उघडायला लावली, तेव्हाच रत्नाला कळलं की आज आपली पाळी आहे.

पॅकहाऊसच्या पत्र्याखाली पंधरा-सोळा बाया होत्या. कुणी हौदात केळीच्या फण्या धूत होत्या, कुणी वजनकाट्यावर, कुणी खोक्यांत कागद अंथरत होत्या. साखळीला टांगलेल्या घडांवरून फण्या उतरवायला चौघी होत्या. चौघींत रत्ना सगळ्यांत जुनी. प्रेमराज जळगावहून मोटरसायकलनं येणारा सुपरवायझर, तिशीतला. त्यानं एक फणी उलटी केली. देठाच्या पांढऱ्या कापावर मोहरीएवढा तांबूस ठिपका होता. दुसरी उलटी केली. तिच्यावर दोन.

"हा गंज आहे," तो म्हणाला. "आज एवढासा दिसतो. माल बोटीतून उतरेपर्यंत काळा पडतो, नि देठ सडतो. कोणाच्या हातात लोखंड आहे?"

 हौदाच्या नळाचा आवाज तेवढा येत राहिला. दिवाळीनंतर कंपनीनं सगळ्यांना निळ्या मुठीच्या नव्या सुऱ्या दिल्या होत्या. रत्नाच्या कमरेला ती सुरी खोचलेली होती, पण कोरडी. तिनं हातातला जुना विळा पुढं येऊन टेबलावर ठेवला. पात्यावर तुरटीच्या पाण्यानं नि केळीच्या चिकानं तांबडे-काळे नकाशे उठले होते.

प्रेमराजनं विळ्याकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं. लग्नाच्या आदल्या वर्षी माहेरी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये रत्नाच्या उजव्या हाताचं पहिलं नि मधलं बोट गेलं होतं. अंगठा आणि कडेची दोन बोटं एवढ्यावर ती अठरा वर्षं स्वयंपाक, निंदणी, कापूस, सगळं करत आली होती. कंपनीच्या सुरीची मूठ बारीक आणि गुळगुळीत. तिसऱ्या-चौथ्या फणीला ती तळहातात फिरायची. विळ्याच्या मुठीला मात्र तिनं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून गुंडाळून ती आपल्या हाताजोगी करून घेतली होती.

"ताई, मला वरून खराब मालाचे फोटो येतात," प्रेमराज हळू म्हणाला. त्याला ओरडायला आवडत नसे. "कंपनीची धरता येत नसेल तर स्वतःची आणा, माझं काही म्हणणं नाही. पण गंज न धरणारी पाहिजे. पंधरा दिवसांत. तोवर दांडे ओढा."

तिच्या जागेवर त्यानं डिंपलला उभं केलं. डिंपल रत्नाच्याच गल्लीतली, माहेर धुळ्याकडचं, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली. तिनं निळ्या मुठीची सुरी घेतली आणि रत्नाकडं न बघता म्हणाली, "अक्का, माले कसंतरी व्हई राहिनं."

"काप. घड लोंबी राहिना," रत्ना म्हणाली.

फण्या उतरल्यावर उरलेला दांडा तीन-चार किलोचा, ओला, निसरडा. तो खांद्यावर घेऊन मागच्या खड्ड्यापर्यंत न्यायचा. दिवसातून दीड-दोनशे दांडे. संध्याकाळी रत्नाच्या पोलक्याचा उजवा खांदा काळा झाला होता. केळीचा डाग धुऊन जात नाही.

*

बुधवारी खाडा करून ती पाचोऱ्याला गेली. स्टेशनच्या मागं, जिनिंगच्या भिंतीला लागून कय्युमचाचांचं दुकान होतं. विळे, कोयते, बकरं कापायच्या सुऱ्या, मेंढपाळांचे अडकित्त्यासारखे मुडपणारे चाकू, सगळं त्यांच्या हातचं. वय पासष्टच्या पुढं. भिंतीला एक लांब सुरी चामडी म्यानात टांगलेली होती.

"ती विकायची नाही," तिची नजर बघून ते म्हणाले. "यावलकडच्या रानात हिंडणाऱ्या एका साहेबानं शिकारीला सांगितली होती. बंदी कडक झाली, तो आलाच नाही. बैठो. काय पाहिजे?"

रत्नानं सांगितलं. केळीचा चीक, तुरटीचं पाणी, दिवसभर ओली राहणारी सुरी, डाग पडता कामा नये, आणि धार टिकली पाहिजे. हाताचं तिनं शेवटी सांगितलं.

चाचांनी खालून तीन तुकडे काढून तिच्यापुढं मांडले. पहिला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा. "धार म्हणशील तर याच्यासारखी नाही. पण तुझा विळा याचाच आहे. रात्रभर ओला राहिला की सकाळी तांबडा." दुसरा चकचकीत पत्रा. "हे ताटाचं स्टील. वीस वर्षं पाण्यात ठेव, काही होत नाही. पण याला पाणी चढत नाही. तापवून तेलात बुडवलं तरी मऊच राहतं. पन्नास फण्या कापशील नि धार गेली." त्यांनी एक लोहचुंबक घेऊन पत्र्याला लावलं. ते खाली पडलं. मग तिसऱ्या तुकड्याला लावलं. तो करंगळीएवढा गोल तुकडा होता, पांढरट. चुंबक खटकन चिकटलं.

"हा पाण्यातल्या मोटरीच्या पंपाचा शाफ्ट. बारा वर्षं ट्यूबवेलमध्ये होता. बघ, डाग आहे का? आणि चुंबक धरतं, म्हणजे याला पाणीही चढतं. पाट्याइतकी धार नाही येणार, दुपारी एकदा घासावी लागेल. आणि गंज कधीच धरणार नाही असं मी सांगत नाही. पुसून ठेवली तर धरणार नाही. तुझ्या कामाला हाच."

"मंग याचीच करा."

"एवढ्याशात सुरी होत नाही. वीतभर तरी पाहिजे. भंगारवाले शाफ्ट माझ्यापर्यंत येऊ देत नाहीत, आणि जळगावला नवी पट्टी घ्यायची तर अख्खा पत्रा घ्या म्हणतात. तुमच्याकडं कुणाची जळालेली मोटर असेल तर बघ."

 रत्नाच्या घरात, धान्याच्या कोठीमागं, पोत्यात गुंडाळलेला एक पंप उभा होता.

"मूठ लाकडाची नको," चाचा पुढं बोलत होते. "लाकूड पाणी पितं, आत गंज धरतो. जाड नायलॉनची करतो. हात दे." त्यांनी ओल्या मातीचा गोळा तिच्यापुढं धरला. "सुरी धरतेस तशी दाब. जोरात. लाजू नको, मी वाकड्या पायाच्या माणसालाही बूट करून देणाऱ्याचा पोरगा आहे."

तिनं दाबलं. गोळ्यावर अंगठा उमटला, दोन बोटं उमटली, आणि जिथं बाकीची दोन असायची तिथं मातीचा उंचवटा वर आला. चाचांनी तो अंड्यासारखा जपून फळीवर ठेवला.

*

पंप नवलचा होता. नवल म्हणजे रत्नाचा नवरा. नदीपासून लांब, माळाच्या कडेला त्यांचं अडीच एकर. एके काळी तिथं केळी होती, हजार खोडं. ट्यूबवेल चार उन्हाळ्यांपूर्वी आटली. नवलनं मोटर वर काढली, धुतली, तेल लावून पोत्यात बांधली. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या बागांत घड कापणाऱ्या टोळीत जात होता, आणि वावरात पावसावरचा कापूस होता. पण खंडेनवमीला तो पोतं सोडायचा, पंपाला हळदकुंकू लावायचा, हातानं शाफ्ट फिरवून बघायचा. फिरला की म्हणायचा, "आजबी मोकया शे."

त्या संध्याकाळी तो भाकरी खात असताना रत्नानं सांगितलं. चाचांचे तीन तुकडेही सांगितले.

"वीतभर कापा म्हनस तो?" नवलनं विचारलं.

"हां."

"वीतभर कापा म्हंजे बठ्ठाच गया. शाफ्टना तुकडा जोडता येस का?"

"नही येत."

"मंग?"

 नवलनं ताटातलं कालवण पुसून घेतलं, पाणी प्याला.

"दोन वरीस चांगला पाऊस पडना तं पानी वर येई. धरनना पाट बी येनार शे, मोजनी व्हई गयी. तवय काय टाकू मी ट्यूबवेलमा? तुन्ही सुरी?"

तो उठून बाहेर गेला. रत्नाला वाईट वाटलं, पण त्याच्यावर राग आला नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाटाची मोजणी झाली होती, सात वर्षांपूर्वी.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती दांडे ओढत राहिली. खांद्याचं कातडं सोललं. दांड्याचा रस सोललेल्या जागी लागला की आग व्हायची. वजनकाट्यावरच्या बाया बोलायच्या थांबायच्या ती जवळून गेली की. शुक्रवारी एक दांडा निसटून तिच्या पायावर पडला, आणि प्रेमराज लांबून म्हणाला, "ताई, जमत नसेल तर सांगा, माणसं आहेत." तिनं दांडा उचलला. डिंपलचा हात अजून बसला नव्हता. तिच्या फण्यांचे देठ कधी लांब राहत, कधी केळालाच सुरी लागे. दर थोड्या वेळानं ती रत्नाकडं बघायची.

रविवारी सकाळी रत्ना अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरी डोक्याच्या वर. उजवा हात खांद्यापर्यंतच येत होता, पुढं येईना. तिनं डाव्या हातानं उजवं कोपर धरलं, वर ढकललं, आणि ओलं लुगडं दोरीवर टाकलं. दुसऱ्या कपड्याला पुन्हा तसंच. नवल ओट्यावर बिडी ओढत होता. चार कपडे होईपर्यंत त्यानं बघितलं. मग बिडी विझवून तो आत गेला, आणि कोठी सरकवल्याचा आवाज आला.

ती आत आली तेव्हा पोतं सुटलं होतं. पंप जमिनीवर आडवा होता. नवल दोन पाय फाकवून त्याच्यावर बसला होता, हातात पाईपपाना.

"हायी टोक धर," तो म्हणाला. "फिरू दू नको."

जाळीचे स्क्रू निघाले. वरचा गळा निघेना. त्यानं रॉकेल सोडलं, वाट बघितली, पान्याला पाईप अडकवून दोघांनी जोर लावला. रत्नानं डाव्या हातानं आणि गुडघ्यानं धरून ठेवलं. तिसऱ्या झटक्याला गळा कटकन सुटला आणि दोघं एकमेकांवर आपटली. मग आतले पंखे एकेक करून सरकवत काढले. नवल प्रत्येक पंखा पुसून ओळीनं फडक्यावर ठेवत होता, पुन्हा जोडायचा असल्यासारखा. शेवटी शाफ्ट बाहेर आला. दोन हात लांब, सरळ, चांदीसारखा. त्यावर चार वर्षांचं तेल होतं. फडक्यानं पुसल्यावर खाली डाग नव्हता.

नवलनं तो दोन्ही हातांत आडवा धरला.

"सत्तावीस पंखा फिराईसन पानी चढावता व्हता ह्यो," तो म्हणाला. आणि मग, "लई जा. बठ्ठाच लई जा. वीतभर कापीसन उरेल माले घरमा नको."

*

चाचांनी शाफ्ट हातात घेऊन तिच्याकडं बघितलं, पण कुठून आणला ते विचारलं नाही. भट्टीला आता भाता नव्हता, विजेचा पंखा होता. शाफ्ट लाल झाला, मग केशरी. चाचा घण घालत होते आणि गोल लोखंड हळूहळू चपटं होत होतं, पानासारखं. हे स्टील हट्टी होतं. दर चार-पाच घावांनी पुन्हा आगीत. चाचांचा सदरा पाठीला चिकटला. त्यांची बायको सलीमा आतून चहा घेऊन आली, तिनं मातीचा गोळा उचलून बघितला, आणि रत्नाला विचारलं, "दुखतं का अजून?"

"थंडीमा," रत्ना म्हणाली.

दोन दिवसांनी तयार सुरी घ्यायला ती पुन्हा आली. पातं वीतभर, टोकाशी थोडं आत वळलेलं, फणीच्या देठात बसेल असं. मूठ पांढऱ्या नायलॉनची. मुठीला अंगठ्यासाठी खोलगट जागा, दोन बोटांसाठी दोन खाचा, आणि पुढं, पात्याकडं, तो उंचवटा. रत्नानं मूठ धरली. उंचवटा तिच्या तळहातातल्या रिकाम्या जागेत बसला. तिनं मनगट फिरवलं, सुरी फिरली नाही. इतक्या वर्षांत तिच्या हातातली कुठलीच वस्तू अशी बसली नव्हती. ती बराच वेळ नुसती धरून उभी राहिली.

"एक लक्षात ठेव," चाचा म्हणाले. "ही दुसऱ्याच्या हातात देऊ नको. ज्याला पाच बोटं आहेत त्याची दोन यात मावायची नाहीत. ती पात्यावर जातील."

दुसऱ्या दिवशी प्रेमराजनं सुरी उलटसुलट करून पाहिली, पात्यावर ओलं फडकं फिरवलं, आणि "चांगली आहे" म्हणाला. डिंपल धुण्याच्या हौदावर गेली, हसत गेली. रत्ना पुन्हा साखळीपाशी उभी राहिली. देठात टोक घालायचं, मनगट वळवायचं, फणी डाव्या हातावर झेलायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती पातं दगडावर घासायची, फडक्यानं कोरडं करायची. तीन आठवडे एकही फणी परत आली नाही. खांद्यावर नवं कातडं आलं. नवलनं एकदाच विचारलं, "कापस का?" ती म्हणाली, "कापस." तेवढंच.

*

मग वरून हुकूम आला. परदेशचे लोक पॅकहाऊस बघायला येणार होते. सगळ्या सुऱ्या संध्याकाळी जमा करायच्या, मोजायच्या, कुलपात ठेवायच्या, सकाळी द्यायच्या. प्रेमराजनं प्रत्येक मुठीवर नंबर कोरला. रत्नाच्या सुरीवर चौदा.

"साहेब, मन्ही मालेच द्या," ती म्हणाली. "दुसरीना हातमा बसनार नही. लागी जाई."

"चौदा तुमचा. मी लिहून ठेवलंय."

आठवडाभर त्यानं तसंच केलं. नवव्या दिवशी गावात नळाला पाणी आलं. चार दिवसांनी आलं होतं. रत्नाला भांडी भरून निघायला उशीर झाला. पॅकहाऊसला दोन ट्रॅक्टर येऊन उभे होते, साखळीला घड टांगले होते, एक बाई आजारी म्हणून आली नव्हती. प्रेमराजनं सुऱ्यांचा ट्रे उघडला आणि डिंपलला साखळीपाशी बोलावलं. बाकीच्यांनी आपापल्या सुऱ्या घेतल्या होत्या. ट्रेमध्ये चौदा नंबर राहिला होता. जादा निळ्या सुऱ्या धार लावायला जळगावला गेल्या होत्या, नि आजारी बाईची सुरी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही.

"सर, हायी अक्कानी शे," डिंपल म्हणाली. हे पाच जणींनी ऐकलं.

"ताई येईपर्यंत धर. माल तापतोय."

रत्ना फाटकात शिरली तेव्हा ओरडणं नव्हतं. घड धपकन खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग सगळ्या बाया एकाच बाजूला धावल्या. डिंपल हौदाच्या कठड्याला टेकून उभी होती. डाव्या हातानं उजवा हात धरला होता, आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत येत होतं. खाली फण्यांवर रक्त, पाण्यात रक्त. दोन बोटं कापली होती. पहिलं आणि मधलं. आतल्या बाजूनं, हाडापर्यंत.

रत्नानं पदर फाडला, हात घट्ट बांधला, उंच धरायला लावला. प्रेमराजच्या मोटरसायकलवर मध्ये डिंपल, मागं रत्ना. वाटेत डिंपल रडली नाही. पाचोऱ्याच्या अलीकडं तिनं एवढंच विचारलं, "अक्का, बोटं राहतीन ना?"

"राहतीन," रत्ना म्हणाली. डिंपलचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, त्याच खांद्यावर.

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, डिंपलला बोटं वाकवायला सांगितली. दोन्ही वाकली नाहीत. "शिरा तुटल्या आहेत," ते म्हणाले. "जळगावला न्या. दोन-तीन दिवसांत जोडल्या तर उपयोग. नंतर नाही."

*

संध्याकाळी प्रेमराजनं रत्नाला एकटीला बोलावलं. टेबलावर सुरी होती, धुतलेली, आणि एक टाईप केलेला कागद. त्याचा चेहरा दिवसभरात उतरला होता.

"वाचा," तो म्हणाला.

रत्ना सातवीपर्यंत शिकली होती. तिनं ओळीवर अंगठा ठेवून वाचलं. लिहिलं होतं की तिनं परवानगीशिवाय घरची सुरी आणली, जमा केली नाही, आणि ती डिंपलच्या हातात गेली.

"हे असं झालं नही."

"ताई, मला माहितेय. पण हे नाही लिहिलं तर मी घरी जातो. घरात मी एकटा कमावणारा आहे." त्यानं पेन कागदाजवळ ठेवलं. "तुम्हाला वजनकाट्यावर घेतो. कायमचं. बसून काम, कोरडं. सुरीच लागत नाही तिथं. विचार करा."

रत्नानं विचार केला. खुर्ची असलेलं काम पॅकहाऊसमध्ये तीनच जणींना होतं. ज्या हाताला कुणी कधी बसून करायचं काम दिलं नव्हतं, त्या हाताला कायमची जागा. आणि नवलनं त्या दिवशी फडक्यावर ओळीनं ठेवलेले पंखे तिला आठवले.

"अन् डिंपलचं?"

"त्यांचं ते बघतील. बाहेरच्या सुरीनं लागलं तर कंपनीचा विमा पैसे देत नाही."

"तिना घरमा काय शे? जयगावले कशी लई जातीन?"

प्रेमराजनं सुरी टेबलाच्या कडेला सरकवली.

रत्ना कागदाकडं बघत राहिली. तिला माहेरची संध्याकाळ आठवली. कडबाकुट्टीचा मालक दारात उभा राहून म्हणत होता, पोरगी खेळता खेळता हात घालून बसली. ती खेळत नव्हती. त्याचीच गुरं होती, त्याचाच कडबा. वडिलांनी त्याच्यापुढं मान हलवली होती, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्याकडंच कामाला जायचं होतं. हात तालुक्याला पोचला तेव्हा तिसरा दिवस होता.

"मी अंगठा देनार नही," ती म्हणाली. "सहीबी नही."

"ताई—"

"मोठा साहेब कवय येस?"

मोठा साहेब दुसऱ्या दिवशी दहा वाजता आला. गाडीतून उतरून पत्र्याखाली उभा राहिला, फोनमध्ये फोटो काढले. रत्ना दांड्यांच्या खड्ड्यापाशी थांबली होती. ती पुढं गेली. तिनं सगळं ओळीनं सांगितलं: विळा, अकरा खोकी, स्वतःची आणा म्हणून परवानगी कोणी दिली, चौदा नंबर कोणी कोरला, आणि काल सकाळी ट्रेमधून सुरी काढून डिंपलच्या हातात कोणी दिली.

साहेबानं प्रेमराजकडं बघितलं. प्रेमराज सुऱ्यांच्या ट्रेकडं बघत राहिला. साहेबानं बाकीच्या बायांकडं बघितलं. वजनकाट्यावरच्या दोघींनी नजर फिरवली. हौदावरून एक म्हातारी बाई, बेबाबाई, हात पुसत उठली आणि म्हणाली, "खरं शे. डिंपल म्हननी व्हती, हायी अक्कानी शे. मी ऐकं." मग आणखी एक बोलली.

त्याच दुपारी डिंपलला कंपनीच्या गाडीनं जळगावला नेलं. प्रेमराजची बदली झाली, कुठं ते गावात कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी नव्या सुपरवायझरनं रत्नाला फाटकातच थांबवलं. यापुढं फक्त कंपनीच्या सुऱ्या, तो म्हणाला, आणि ज्यांना त्या धरता येत नाहीत त्यांना घेता येणार नाही. त्यानं तिची सुरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली.

घरी येऊन तिनं नवलला सांगितलं. तो पाय धूत होता. तांब्या खाली ठेवून तो ओल्या पायांनी ओट्यावर आला.

"मन्हा शाफ्ट गया," तो म्हणाला. "तुन्हं कामबी गयं."

"हां."

"सही करती तं खुर्ची भेटती."

"हां."

तो आत गेला. जेवला, पाठ करून झोपला. रत्नाला वाटलं, हे आता आपल्या दोघांत कायम राहील, घरातल्या एखाद्या वस्तूसारखं, रोज ओलांडून जायचं.

महिनाभर तो कामापुरतं बोलला. मग एका पहाटे त्यानं तिला हलवलं.

"ऊठ. ट्रॅक्टर येई राहिना."

"कोठे जानं?"

"रुपचंद मुकादमनी पंजाबनी गाडी धरेल शे. कॅरेटमा फन्या भरन्या शेत, वावरमाच. फन्या उतारनारा एक मानूस कमी शे." तो चूल पेटवायला बसला. "मी त्याले सांगं, मन्ही बायको उतारई. तो म्हने बाईमानूस, टोळीमा? मी म्हनं, देखी ले."

*

बाग दुसऱ्याची होती, नदीकाठची. केळीच्या पानांवरचं दव अंगावर पडत होतं. टोळीत नऊ पुरुष. खाली पानांची पथारी, त्यावर घड आणून टाकत होते. रुपचंद मुकादम पन्नाशीचा, कानात बाळी. त्यानं रत्नाच्या हाताकडं बघितलं, सुरीकडं बघितलं, नवलकडं बघितलं.

"जमई का वं बाई?"

रत्ना पथारीपाशी बसली. इथं घड टांगलेले नव्हते. दांडा मांडीवर आडवा घ्यावा लागत होता, आणि पाठ वाकत होती. पहिला घड तिला वेळ लागला. मुकादम तिथंच उभा राहिला. दुसऱ्या घडाला तो निघून गेला. आठ वाजेपर्यंत ऊन बागेत शिरलं, आणि तिच्या समोरची कॅरेटं संपली म्हणून एकाला ट्रॅक्टरवरून आणखी उतरवावी लागली. टोळीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तीन बोटंसमा इतलं काढस." तिला ऐकू यावं म्हणूनच म्हणाला. तिनं वर बघितलं नाही.

नवल घड कापत होता. घडाखाली खांदा लावायचा, वर कोयत्याचा एक घाव, आणि वजन अंगावर घेऊन वाकत वाकत पथारीपर्यंत यायचं. प्रत्येक वेळी तो घड तिच्याच बाजूला टाकत होता, सुरी चालेल असा, देठ तिच्याकडं करून. 

जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि फोन तिच्यापुढं धरला. "डिंपल शे."

रत्नानं डावा हात लुगड्याला पुसून फोन घेतला.

"अक्का, पट्टी काढी आज," डिंपल म्हणाली. आवाज बारीक होता. "डॉक्टरनी वाकाडाले लाया. मधलं जरासं वाकनं. पहिलं नही वाकत. डॉक्टर म्हने, ते असंच राहई."

रत्नानं आपला उजवा हात मांडीवर उलटा केला.

"अक्का? ऐकी राहिनी का? माले घरना म्हनतस, आते हायी काय करई. माले येनी घालता येत नही. भाकर थापता येत नही."

"अंगठा कसा शे?" रत्नानं विचारलं.

"अंगठा?"

"अंगठा वाकस का? करंगळीले लागस का? लाईसन देख."

पलीकडं बांगड्या वाजल्या. केळीची फाटकी पानं वाऱ्यावर हलत होती.

"लागस," डिंपल म्हणाली.

"मंग बठ्ठं व्हई," रत्ना म्हणाली. "भाकरबी व्हई. पहिला महिना वाकडी व्हई, मंग व्हई. रविवारी मी येस. पीठ मयी ठेव."

तिनं फोन नवलला दिला. मुकादम उठून टोळीला हाक देत होता. रत्नानं सुरीचं पातं फडक्यानं पुसलं, जवळचा घड मांडीवर ओढला, आणि पहिल्या फणीच्या देठात टोक घातलं.